चिखलाला सगळं आठवतं

मित्रांनो, पेण म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? गणपती! बरोबर. पेणचे पोहे आणि पापडही आठवत असतील. आणि रोहा म्हटलं की? कोकण रेल्वे तिथून सुरू होते, हे तुम्ही भूगोलात वाचलं असेल. पण या दोन गावांच्या आसपास आणखी एक गोष्ट आहे. गाडीतून जाताना ती सगळ्यांना दिसते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. ती म्हणजे चिखल!

हसू नका. आज आपण मुद्दाम चिखल बघायलाच निघालो आहोत. आणि त्या चिखलाबरोबर एका जहाजाची गोष्टही ऐकणार आहोत.

उजव्या हाताची खिडकी

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पकडा. पनवेलला गर्दी थोडी कमी झाली, की उजव्या हाताची खिडकी मिळवा. डावीकडे डोंगर आहेत, ते परत येताना बघू. आपटा, जिते, हमरापूर अशी स्टेशनं जातात. हमरापूर आणि शेजारचं जोहे ही गणपतीची गावं. इथे घरोघरी वर्षभर मूर्ती घडत असतात. मग पेण येतं. पेण सुटलं आणि कासू जवळ आलं, की खिडकीबाहेरचा देखावा बदलतो. डोंगर मागे राहतात आणि दूरवर सपाट, ताटासारखी जमीन पसरलेली दिसते. मधूनच मातीचे उंच बांध, बांधापलीकडे हिरवी झुडपं आणि त्यांच्याही पलीकडे चकाकणारं पाणी. हाच तो खारेपाट.

आता एक गंमत ऐका. या शेतांची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे! म्हणजे मोठ्या भरतीला खाडीचं पाणी शेताच्या वर असतं आणि शेत खाली असतं. मग शेतात पाणी का शिरत नाही? कारण मधे बांध आहे. इथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या हातांनी चिखल काढून, एकावर एक थापून हे बांध घातले आणि समुद्राकडून जमीन मागून घेतली.

बांधाला जागोजाग दारं असतात. त्यांना म्हणतात उघाडी. उघाडीची झडप फार हुशार असते बरं का! भरतीचं पाणी बाहेरून दाबायला लागलं, की ती आपोआप बंद होते. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं, की शेतात साठलेलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलतं आणि ती उघडते. ना वीज, ना मोटर! आत गोडं पाणी आणि भात, बाहेर खारं पाणी आणि मासे. मधे फक्त चिखलाची एक भिंत.

ही भिंत फुटली, तर? तिला इथे ‘खांड पडली’ म्हणतात. एका रात्रीत खारं पाणी शेतात शिरतं. पाणी उतरतं, पण मीठ मागे राहतं. ते धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. तोवर भात नाही. म्हणून तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं थोडा खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या खास जाती तयार केल्या आहेत.

खाडीचं बालवाडीघर

ही खाडी म्हणजे धरमतरची खाडी. अंबा नदी सह्याद्रीतून निघते, जांभूळपाडा, पाली, नागोठणे करत खाली येते आणि पुढे रुंद होऊन रेवस आणि करंजा यांच्यामधून समुद्राला मिळते. समोर मुंबईचं बंदर. भरतीचं पाणी या खाडीतून आत आत चढत थेट नागोठण्यापर्यंत जातं. नागोठणं म्हणजे रोहे तालुका. म्हणजे समुद्राचं पाणी रोज दोनदा पेण तालुक्यातून रोहे तालुक्याला भेट देऊन परत जातं! एके काळी याच भरतीवर स्वार होऊन होड्या नागोठण्याच्या बंदरात येत असत.

पाण्याबरोबर पाहुणेही येतात. त्यांतला सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे जिताडा. पेण-अलिबागकडे पाहुणचार करायचा, तर जिताडा हवाच. हा मासा मोठेपणी खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पण त्याची पिल्लं मात्र भरतीबरोबर खाडीत आत येतात. चिखलात, झुडपांच्या मुळांत लपून ती वाढतात. पावसाळ्यात लोक ही पिल्लं पकडून गावच्या तळ्यात सोडतात आणि ती मोठी होण्याची वाट बघतात.

एकटा जिताडाच नव्हे. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या या सगळ्यांची पिल्लं इथेच वाढतात. खाडीकाठची तिवरं, कांदळं आणि चिपीची झाडं म्हणजे माशांची बालवाडीच म्हणा ना! तुम्ही ओहोटीला नीट बघा. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारख्या शेकडो काड्या वर आलेल्या दिसतील. ती त्या झाडाची नाकं आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड आपली मुळं वर काढून श्वास घेतं. त्यांना श्वसनमुळं म्हणतात. ही नाकं लक्षात ठेवा. पुढे त्यांचं काम पडणार आहे.

७ ऑगस्ट २०१०

त्या दिवशी शनिवार होता. पावसाळी सकाळ. ‘एमएससी चित्रा’ नावाचं मोठं मालवाहू जहाज न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर निघालं होतं. त्याच्यावर बाराशेहून अधिक कंटेनर होते. समोरून ‘खलिजिया-३’ नावाचं दुसरं जहाज बंदरात येत होतं. मुंबईच्या दक्षिण टोकाला प्राँग्ज दीपगृह आहे, त्या भागात दोघांची टक्कर झाली. चित्राच्या कुशीला भगदाड पडलं आणि ते एका बाजूला कलंडलं. इतकं, की कंटेनर ठोकळ्यांसारखे घसरून धपाधप समुद्रात पडू लागले.

माणसं वाचली. पण जहाजाच्या टाक्यांत त्याचं स्वतःचं इंधन होतं, दोन हजार टनांहून जास्त. त्यातलं सुमारे ८०० टन तेल पुढच्या दोन-तीन दिवसांत समुद्रात गेलं. एक टन म्हणजे हजार किलो. आता तुम्हीच गुणाकार करा!

हे तेल म्हणजे पेट्रोलसारखं पातळ नव्हे. जहाजाचं इंधन काळं, जाड, डांबराच्या जवळचं असतं. त्यात ऑगस्ट महिना. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत होता. उसळत्या लाटांत तेल अडवायचे तरंगते अडसरही नीट टिकत नाहीत. तेल किनाऱ्याला लागलं. घारापुरी, उरण, मांडवा, सासवणे, किहीम... काळा थर वाळूवर, खडकांवर आणि खाडीकाठच्या झाडांवर चढला. काही कंटेनरांत कीटकनाशकं होती. काहींत बिस्किटं, चहा, कॉफी होती. फुटलेल्या कंटेनरांतली पाकिटं वाहत मांडवा-अलिबागच्या किनाऱ्याला आली. बंदराची वाहतूक काही दिवस बंद पडली. मासे खाऊ नका, असं लोकांना सांगण्यात आलं.

आता तारखेकडे बघा. ७ ऑगस्ट. त्या वर्षी नारळी पौर्णिमा होती २४ ऑगस्टला. म्हणजे कोळी बांधव होड्या रंगवून, जाळी दुरुस्त करून, कर्ज काढून नव्या हंगामाची तयारी करत होते. सोन्याचा नारळ समुद्राला वाहायला सतरा दिवस उरले होते, आणि समुद्रच काळा झाला होता.

तेल गेलं कुठे?

तुम्ही विचाराल, की आज त्या किनाऱ्यांवर गेलं तर तेल दिसतं का? नाही. वाळू स्वच्छ आहे. घोडागाडी आहे, पर्यटक आहेत, मुलं क्रिकेट खेळत आहेत. मग तेल गेलं कुठे?

थोडं उडून गेलं. तेलातला हलका भाग हवेत निघून जातो. थोडं लाटांनी घुसळून पाण्यात मिसळलं. त्याचा चॉकलेटी रंगाचा चिकट लगदा होतो. थोडं माणसांनी उचललं. थोडं जिवाणूंनी खाल्लं! होय, तेल खाणारे जिवाणू असतात. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेनं अशा जिवाणूंचं एक मिश्रण तयार केलं आहे, त्याचं नाव ‘ऑईल झॅपर’. चित्राच्या अपघातानंतर ते इथल्या किनाऱ्यांच्या सफाईसाठी वापरलं गेलं.

पण या जिवाणूंनाही आपल्यासारखी हवा लागते. उघड्या वाळूत हवा खेळते, लाटा रोज वाळू धुतात. तिथे तेल लवकर सरतं. चिखलाचं तसं नाही. खाडीच्या चिखलात बोट खुपसून बघा. वरचा पातळसा थर तपकिरी असतो. त्याच्या खाली काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा थर लागतो. तिथे हवाच नाही. चिंबोऱ्यांच्या बिळांतून, मुळांच्या भोकांतून तेल तिथे उतरलं, की त्याला खाणारं कुणी नाही. ते तसंच पडून राहतं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही.

हे कशावरून? पनामा देशात १९८६ साली एका तेल शुद्धीकरण कारखान्याची टाकी फुटून तेल खारफुटीत गेलं होतं. जवळच स्मिथसोनियन संस्थेची प्रयोगशाळा होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तो चिखल तपासला. पाच वर्षांनंतरही त्यातून तेल झिरपत होतं आणि जोराचा पाऊस आला, की पाण्यावर पुन्हा तवंग दिसत होता. अलास्कात १९८९ साली ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आपटलं. तिथल्या किनाऱ्यांवर दगडगोट्यांखाली कितीतरी वर्षांनी तेल सापडलं. तिथले हेरिंग मासे १९९३ साली एकाएकी कमी झाले. त्याचं कारण तेलच का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण मासे पूर्वीसारखे परत आले नाहीत, हे मात्र खरं.

आता ती नाकं आठवा. तिवराच्या श्वसनमुळांवर तेलाचा लेप बसला, की झाड गुदमरतं. ते लगेच मरत नाही. आधी पानं पिवळी पडतात, मग गळतात. काही महिन्यांनी फांद्या सुकतात. निवट्या तर ओल्या कातडीतूनही श्वास घेतात. उड्या मारत चिखलावर फिरणारा तो गमतीदार मासा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या अंगाला तेल लागलं, की त्याचं श्वास घेणंच अवघड होतं. शिंपल्या पाणी गाळून पोट भरतात. पाणी गाळताना तेलही त्यांच्या पोटात जातं. आणि शिंपल्या कोण खातं? मासे, पक्षी आणि आपण!

पुलाजवळच्या आजी

मागे एकदा मी ओहोटीच्या वेळी वडखळच्या पुढे, धरमतरच्या पुलाच्या अलीकडे उतरलो होतो. खाडीच्या चिखलात एक आजी गुडघाभर रुतून चिंबोऱ्या शोधत होत्या. कमरेला टोपली, हातात लोखंडाची आकडी. बिळात आकडी घालायच्या, कान देऊन ऐकल्यासारखं करायच्या आणि झटकन चिंबोरी बाहेर! नांग्या बांधून टोपलीत. मला तर चिखलातून दोन पावलंही टाकता येईनात.

वर आल्यावर बोलणं निघालं. त्यांचं माहेर खाडीपलीकडे, मांडव्याच्या बाजूला. तेल आलं तेव्हा त्या माहेरी गेल्या होत्या. “सकाली बघतो तं पोरा बिस्किटांचे पुडे गोला करतान,” त्या म्हणाल्या, “आन् पाय काले. धुवून धुवून जाईनात.”

“पण आजी, इकडे पेणच्या बाजूला कुठे तेल आलं होतं?” मी विचारलं.

आजी हसल्या. “इकरं आमाला तेल नाय दिसला रं बाला. पन बाजारान मावरा कोन घेतंय? टोपली भरून नेली न् भरून परत आनली. कोन इचारीत नाय तुजी चिंबोरी कंच्या खारीतली.”

मित्रांनो, ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. तेल जिथे पोचलं नाही, तिथे भीती पोचली होती! गिऱ्हाईकाला सगळी मासळी सारखीच वाटते. हंगामाच्या सुरुवातीचे ते दिवस हातचे गेले. त्यांच्या घरात चूल पेटली ती उधारीवर.

“मग नुकसानभरपाई?” मी विचारलं.

“ज्याची होरी, त्याचा कागद,” आजी म्हणाल्या. “माजी होरी नाय, नंबर नाय, पावती नाय. हात हाय न् आकरी हाय. त्याचा कागद कोन देतंय?”

मी यावर काहीच बोलू शकलो नाही. खरंच, विचार करा. तुमच्या बाबांची दुकानात चोरी झाली, तर हिशेबाची वही दाखवता येते. पण जी बाई रोज ओहोटीला चिखलात उतरते, मिळेल ते विकते आणि त्याच पैशांनी तांदूळ आणते, तिनं आपलं काय गेलं ते कसं दाखवायचं? अशा हातानं मासळी गोळा करणाऱ्या बायका आपल्या सगळ्या किनाऱ्यावर आहेत. त्यांची कमाई कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. ती फक्त चिखलाला माहीत असते.

निघताना आजींनी पुलाखाली बोट दाखवलं. “पान्यावरचा तेल जातं, बाला. चिखलानचा नाय जात. चिखलाला सगला आठवतं.”

झाड गेलं, तर बांध जाईल

आता कुणी म्हणेल, मासेमारांचं नुकसान झालं, पण शेतकऱ्याचं काय गेलं? शेत तर बांधाच्या आत आहे. पण तसं नाही हं! बांधाच्या पुढे उभी असलेली तिवरं लाटांचा मार स्वतःच्या अंगावर घेतात. त्यांची मुळं चिखल धरून ठेवतात. ती झाडं गेली, की लाट सरळ बांधावर आदळते. बांध झिजतो. खांड पडते. भात जातं. म्हणजे झाडाचं नाक बुजलं, तर मासा जातो आणि भातही जातं. खारेपाटात एकाच घरातला एक भाऊ शेती करतो आणि दुसरा मासेमारी. त्या दोघांचं भांडं एकाच चुलीवर असतं, आणि ती चूल या चिखलावर उभी असते.

धरमतरच्या खाडीला आज इतर कामंही आहेत. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि खनिज घेऊन मोठमोठे बार्ज या खाडीतून ये-जा करतात. नागोठण्याला १९९०च्या सुमारास मोठा पेट्रोकेमिकल कारखाना उभा राहिला. समुद्रातून उरणला येणाऱ्या वायूपासून तिथे प्लॅस्टिकचा कच्चा माल बनतो. तुमच्या पाण्याच्या बाटलीची सुरुवात कदाचित तिथेच झाली असेल! १९७४ साली ‘सागर सम्राट’ या तरंगत्या मनोऱ्यानं मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधून काढलं, तेव्हा सगळ्या देशाला आनंद झाला होता. त्या तेलानं या भागात नोकऱ्या आणल्या, रस्ते आणले. आणि त्याच तेलानं धोकाही आणला. १९९३च्या मे महिन्यात मुंबई हायहून येणारी तेलवाहिनी समुद्रात फुटली आणि त्या तेलाचा त्रास मुरूडच्या किनाऱ्यापर्यंत पोचला.

चित्राच्या अपघाताला वर्ष व्हायच्या आत, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ‘रॅक कॅरिअर’ नावाचं जहाज सुमारे साठ हजार टन कोळसा घेऊन मुंबईपासून काही अंतरावर बुडालं. पुन्हा तेल, पुन्हा तेच किनारे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये त्याबद्दल शंभर कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

रोह्याची नदी

चला, पुन्हा गाडीत बसू. नागोठणं गेलं, निडी गेलं की रोहा. स्टेशनातून बाहेर पडून नदीकडे जा. ही कुंडलिका. बऱ्याच कोकणी नद्या मे महिन्यात सुकून दगड उघडे पाडतात. कुंडलिकेला मात्र उन्हाळ्यातही पाणी असतं. कसं? वर भिऱ्याला टाटांचं वीजघर आहे. घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली आणून तिथे वीज करतात आणि ते पाणी या नदीत सोडतात. त्याच पाण्यावर कोलाडला रबरी होड्यांची सफर चालते. रोहा हे स्वाध्याय परिवाराच्या पांडुरंगशास्त्री आठवले यांचं जन्मगाव. त्यांनी कोळी बांधवांना सामुदायिक मासेमारीच्या होड्या बांधायला लावल्या. त्या होड्यांना नाव दिलं ‘मत्स्यगंधा’.

अशी ही भाग्यवान नदी. पण रोह्याला लागूनच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तिथे रसायनांचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात महाराष्ट्रातले ५३ पट्टे आहेत. कुंडलिका त्यात आहे आणि आपली अंबाही आहे.

इथे जहाजांची टक्कर झाली नाही. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला नाही. पण नदीला मोठा अपघातच लागतो असं थोडंच आहे? रोज थोडं थोडं पुरतं. तेलाचंही तसंच आहे. शास्त्रज्ञांचा अभ्यास सांगतो, की समुद्रात जाणारं बरंचसं तेल मोठ्या अपघातांतून येत नाही. ते रस्त्यावरून, गॅरेजमधून, गटारांतून, होड्यांच्या इंजिनांतून थेंबाथेंबानं येतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर काळ्या सुपारीएवढे डांबराचे गोळे येऊन पडतात, तुम्ही पाहिले असतील. पायाला चिकटले की रॉकेल लावून काढावे लागतात! कुठल्या जहाजातलं तेल ते, कुणालाच सांगता येत नाही.

कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते, अंबा रेवसला. पेणची आणि रोह्याची नदी वेगळी, पण दोघींच्या मुखाशी चिखल तोच. दोघींची पिल्लं तीच. आणि दोघींनाही गिऱ्हाईक एकच, मुंबई.

मग काहीच चांगलं झालं नाही का?

झालं ना! महाराष्ट्रात २०१२ साली खारफुटीसाठी वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये खारफुटी तोडणं हा गुन्हाच ठरवणारा स्पष्ट निकाल दिला. २०२० साली पांढरी चिपी हा आपला राज्य कांदळवृक्ष झाला. आणि २०१५ मध्ये हरित लवादानं उरण-पनवेल भागातल्या १,६३० कोळी कुटुंबांना पंचाण्णव कोटी रुपये द्यावेत, असा निकाल दिला. तो तेलाबद्दल नव्हता, बंदर वाढवताना त्यांची मासेमारीची जागा गेली त्याबद्दल होता. पण खाडीवर हातानं पोट भरणाऱ्यांचाही हक्क असतो, हे त्यानं मान्य केलं. पुलाजवळच्या आजींना हे ऐकून बरं वाटेल.

तुमच्याएवढी मुलंही काही करू शकतात. चित्राच्या अपघातानंतर बरोबर दहा वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ ‘वाकाशिओ’ जहाजातून सुमारे हजार टन तेल सांडलं. तिथल्या लोकांनी कुणाची वाट पाहिली नाही. उसाची पाचटं कापडी पिशव्यांत भरून, शिवून त्यांनी लांबच लांब अडसर तयार केले. मुलांनी, मोठ्यांनी आपले केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात! चेन्नईजवळ एन्नोरला २०१७ मध्ये तेल आलं, तेव्हा माणसांनी बादल्यांनी ते उपसलं. केरळजवळ मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा-३’ हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडालं आणि किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे बारीक दाणे पसरले. तेही लोकांनी वाळूतून चाळून काढले. म्हणजे ही गोष्ट अजून संपलेली नाही. जहाजं येत-जात राहणार. तेव्हा समुद्रात अपघात किंवा तवंग दिसला, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात असू द्या.

करून पाहा

घरी एक प्रयोग करा. दोन ताटल्या घ्या. एकीत वाळू, दुसरीत बागेतला बारीक चिखल पसरा. चिखलात काडीनं पाच-सहा भोकं पाडा, ती झाली चिंबोऱ्यांची बिळं. दोन्हींवर चमचा चमचा तेल ओता. ओळखू यावं म्हणून त्यात आधी काजळ मिसळा. आता दोन्हींवर पाणी ओतून तेल धुऊन काढायचा प्रयत्न करा. कापसानं टिपा, नारळाच्या काथ्यानं टिपा, पेंढ्यानं टिपा. कशानं जास्त निघतं ते लिहून ठेवा. शेवटी चिखलाची ताटली सुरीनं मधोमध कापा आणि भोकांच्या तळाशी काय दिसतं ते बघा. उरलेलं तेल मोरीत ओतू नका हं! कागदात टिपून कचऱ्यात टाका. मोरीतलं पाणी शेवटी कुठल्या तरी खाडीलाच जातं.

आणि पुढच्या वेळी दिवा-रोहा गाडीत बसाल, तेव्हा कासूजवळ खिडकीतून नीट बघा. ओहोटी असेल, तर बांधापलीकडच्या चिखलात एखादी बाई वाकलेली दिसेल. तिला हात करा. ती कदाचित बघणार नाही. तिचं सगळं लक्ष बिळाकडे असेल. तरीही हात करा.